वाचकांचे प्रश्न : दूरच्या यंत्रावरचा खेळ नाशिकच्या घरात चालेल का?

क्लाउड गेमिंग, म्हणजे व्हिडिओ गेम आपल्या घरच्या यंत्रावर न चालवता दूरच्या डेटा सेंटरमधील संगणकावर चालवून त्याचे चित्र इंटरनेटवरून घरी पाहण्याची पद्धत, हा या वेळच्या सदराचा विषय आहे. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये शंकेचा सूर ठळक आहे, आणि तो मला स्वागतार्ह वाटतो. मात्र बहुतेक पत्रांत सगळा संशय अंतरावर घेतलेला आहे. माझ्या मते नाशिककरांना अंतराची चिंता सर्वांत कमी आणि घरातील वायफाय, रात्रीची गर्दी व सेवा चालवणाऱ्या कंपनीचा ताळेबंद यांची चिंता सर्वांत जास्त असायला हवी. निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : सातपूरच्या एका कारखान्यात मी अनेक वर्षे यंत्रनियंत्रणाचे काम केले. सेन्सरचा संकेत नियंत्रकापर्यंत पोहोचण्यास लागणारे काही मिलिसेकंदही आम्हांला हिशेबात धरावे लागत. बटण नाशिकमध्ये दाबायचे, खेळ मुंबईत किंवा सिंगापूरमध्ये चालायचा आणि त्याचे चित्र परत नाशिकमध्ये यायचे, आणि हे सारे खेळणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही, हा दावा मला पटत नाही. हे तत्त्वतः तरी शक्य आहे का?
– एक निवृत्त अभियंता, सातपूर

उत्तर : आपण कारखान्यात जो हिशेब करीत होता तोच इथे टप्प्याटप्प्याने करून पाहू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, म्हणजेच एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. नाशिक ते मुंबई हे अंतर रस्त्याने साधारण १७० किलोमीटर आहे; कसाऱ्याचा घाट उतरून, वळसे घेत जाणारी केबल २५० किलोमीटरांची धरली, तरी संकेत जाऊन परत येण्यास अडीच मिलिसेकंद पुरतात. वाटेतील राउटर, स्विच आणि कंपन्यांमधील हस्तांतर यांमुळे प्रत्यक्षात हा आकडा वाढतो, परंतु चांगल्या फायबर जोडणीवर मुंबईतील सर्व्हरपर्यंतची ये-जा साधारण ५ ते १५ मिलिसेकंदांत होते. सिंगापूरची गोष्ट वेगळी आहे. मुंबईपासून सिंगापूर सरळ रेषेतच सुमारे ३,९०० किलोमीटर असल्यामुळे काचेच्या तंतूतून सुमारे ३९ मिलिसेकंदांच्या आत ये-जा होणे निसर्गनियमानेच शक्य नाही, आणि समुद्राखालील केबलचा मार्ग व मधले थांबे धरले की हा वेळ ६० च्या आसपास किंवा त्याहून अधिक होतो. युरोपातील सर्व्हर असेल तर तो १०० च्या पुढे जातो. म्हणून सेवेची जाहिरात पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा की खेळ चालवणारे यंत्र नेमके कोणत्या शहरात आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी मोठी डेटा सेंटरे आहेत, आणि या बाबतीत नाशिकचे स्थान देशातील अनेक शहरांपेक्षा चांगले आहे.

आता उरलेले टप्पे पाहू. बटणाचा संकेत कंट्रोलरमधून टीव्हीला किंवा लॅपटॉपला पोहोचतो, तिथून सर्व्हरकडे जातो, सर्व्हरवरील खेळ त्या संकेतानुसार पुढचे चित्र ठरवतो आणि रंगवतो, ते चित्र संपीडित केले जाते, म्हणजे थोड्या माहितीत बसेल असे आवळले जाते, परत पाठवले जाते, घरी उलगडले जाते आणि शेवटी पडद्यावर दिसते. यांपैकी खेळाने चित्र ठरवून रंगवण्याचा वेळ घरच्या यंत्रावरही लागतोच, आणि तो अनेकांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, ३० चित्रांच्या खेळात ३३.३, आणि बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंत खेळ दोन-तीन चित्रांचा वेळ सहज घेतो. त्यामुळे घरातल्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रावर), इंटरनेटचा काडीइतकाही संबंध नसताना, ३० चित्रांच्या कित्येक खेळांत एकूण विलंब १०० मिलिसेकंदांच्या घरात असतो आणि लोक ते खेळ आनंदाने खेळतात.

म्हणून तुलना शून्याशी करून चालणार नाही. दूरवरून खेळल्यामुळे जादा किती विलंब होतो ते पाहायला हवे. मुंबईपर्यंतची ये-जा, संपीडन, उलगडणे आणि घरातील वायफाय मिळून चांगल्या परिस्थितीत ही भर साधारण २५ ते ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ६० चित्रांच्या हिशेबाने जवळजवळ दोन चित्रांची होते. सर्व्हरवरचे यंत्र ताकदवान असल्यामुळे घरी ३० चित्रांनी चालणारा खेळ तिथे ६० चित्रांनी चालत असेल, तर वाचलेला वेळ या जादा विलंबाची बरीच भरपाई करतो. तत्त्वतः शक्य आहे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच स्पष्ट होकारार्थी आहे.

परंतु एका युक्तिवादापासून सावध राहावे असे मला वाटते. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर प्रतिक्रिया द्यायला सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, मग ४० मिलिसेकंदांनी काय बिघडते, असे पुष्कळदा सांगितले जाते. हा युक्तिवाद चुकीचा आहे, कारण खेळणारा नेहमी प्रतिक्रियाच देत नसतो, तो अंदाज बांधून कृतीची वेळ साधत असतो. क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये वेगवान गोलंदाजाचा चेंडू टोलवताना बटण कधी दाबायचे हे हाताला सवयीने कळते, आणि ती सवय २० मिलिसेकंदांनी सरकली तरी फटका चुकतो. विलंब कायम तेवढाच राहिला तर हात काही वेळाने नवी सवय लावून घेतो; तो क्षणोक्षणी बदलत राहिला तर अशी सवय लागूच शकत नाही. त्यामुळे सरासरी विलंब १५ आहे की २५ यापेक्षा तो स्थिर आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

खेळाच्या प्रकारानेही फरक पडतो. बुद्धिबळ, डावपेचांचे खेळ, गोष्ट उलगडत नेणारे साहसाचे खेळ यांत वरील विलंब जाणवतही नाही. मोटारींच्या शर्यतीत तो जाणवतो पण सहन होतो. समोरासमोरच्या मारामारीच्या खेळात, जिथे एकेका चित्राचा हिशेब ठेवला जातो, आणि माउसने नेम धरण्याच्या नेमबाजीच्या खेळात तो खुपतो, कारण माउसबरोबर दृश्य लगोलग फिरावे अशी हाताची अपेक्षा असते आणि कंट्रोलरची काठी फिरवताना ती अपेक्षा तेवढी तीव्र नसते. स्पर्धात्मक खेळणाऱ्याला ही सेवा घ्या असे मी आजही सांगणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. स्पीड टेस्टमध्ये ९० पेक्षा अधिक आकडा येतो आणि चित्रपट उत्तम दर्जात न अडखळता दिसतात. तरीही क्लाउडवरचा खेळ रात्री जेवणानंतर सुरू केला की चित्र ठोकळेदार होते आणि हालचाल मध्येच अडकते. इंटरनेट देणारे म्हणतात की लाइन ठीक आहे. मग दोष कोणाचा?
– एक वाचक, सिडको

उत्तर : लाइन ठीक असण्याची बरीच शक्यता आहे, आणि आपली तक्रारही खरी आहे. चित्रपट दाखवणारे ॲप पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवते. गच्चीवरची टाकी भरलेली असली की नळाचे पाणी मध्येच बारीक झाले तरी स्वयंपाकघरात ते कळत नाही, तसेच इथे होते. खेळाला मात्र टाकी ठेवता येत नाही, कारण पुढच्या क्षणी आपण कोणते बटण दाबणार हे कोणालाच ठाऊक नसते आणि म्हणून पुढचे चित्र अस्तित्वातच नसते. जे चित्र ज्या क्षणी यायला हवे त्या क्षणी आले नाही तर ते वाया जाते. स्पीड टेस्ट काही सेकंदांतील एकूण वेग मोजते; त्या सेकंदांत मध्येच १०० मिलिसेकंद काहीच आले नाही, तर ते तिच्या अंतिम आकड्यात दिसत नाही.

चित्र ठोकळेदार होण्याचे कारणही यातच आहे. १९२० बाय १०८० बिंदूंचे, सेकंदाला ६० चित्रांचे दृश्य संपीडनाशिवाय पाठवायचे झाले तर सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट लागतील. प्रत्यक्षात आपल्याकडे २० एमबीपीएसच्या आसपासचा प्रवाह येतो, म्हणजे मूळ माहितीचा सुमारे दीडशेवा भाग. चित्रपटाचे संपीडन सावकाश, वेळ घेऊन आणि पुढची चित्रे आधी पाहून करता येते. खेळाचे संपीडन काही मिलिसेकंदांत उरकावे लागते आणि पुढची चित्रे पाहण्याची सोयही नसते. गवत, पाऊस, धूर, अंधारातील वेगवान हालचाल अशी दृश्ये त्यामुळे सर्वांत आधी बिघडतात. जाळ्यात किंचित अडथळा आला की सेवा प्रवाह कमी करते, आणि मग संपूर्ण चित्रच ठोकळ्यांचे होते.

रात्री जेवणानंतरच असे का होते, याची दोन कारणे मला संभवतात आणि दोन्ही आपल्या घरातच तपासता येतील. पहिले कारण वायफाय. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन असतात, १, ६ आणि ११. सिडकोसारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत रात्री नऊ वाजता दहा-बारा घरांचे राउटर त्याच तीन वाहिन्या वापरत असतात. ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात येतात. प्रत्येक राउटर दुसऱ्याचे बोलणे संपण्याची वाट पाहतो, आणि ती वाट पाहणे म्हणजेच आपला अडखळणारा खेळ. उपाय साधा आहे : राउटरपासून टीव्हीपर्यंत किंवा लॅपटॉपपर्यंत इथरनेटची केबल टाकावी. ती दिसायला बरी दिसत नाही, दारातून वाकवून न्यावी लागते, घरातील मंडळी कुरकुर करतात, तरी या एका कृतीने जितका फरक पडतो तितका महागडा राउटर आणूनही बहुधा पडत नाही. केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा आणि राउटर त्याच खोलीत आणावा, कारण हा पट्टा विटांच्या भिंतीपुढे लवकर दमतो.

दुसरे कारण घरातील इतरांचा वापर. त्याच वेळी कोणाच्या फोनवरून दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढत असतील, तर राउटरमध्ये पाठवायच्या माहितीची रांग लागते आणि आपल्या बटणाचा इवलासा संकेत त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. वेग भरपूर असूनही विलंब १० वरून २०० मिलिसेकंदांवर जाऊ शकतो. याला बफरब्लोट म्हणतात, आणि माझ्या मते भारतीय घरांतील हा सर्वांत दुर्लक्षित दोष आहे. तपासण्यासाठी संगणकावरून मुंबईतील एखाद्या सर्व्हरला पिंग, म्हणजे संकेताच्या ये-जाचा वेळ सतत मोजणारी आज्ञा, चालू ठेवावे आणि त्याच वेळी फोनवरून मोठी फाइल चढवावी. आकडे एकदम उसळले तर निदान झाले. काही राउटरांमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस नावाची सोय असते. ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवली की रांग लागत नाही. पिंगचे आकडे पाहताना सरासरीवर समाधान मानू नये, सर्वांत मोठा आकडा पाहावा. रात्री साडेनऊला, केबलवर, घरात इतर कोणी काही वापरत नसतानाही तो आकडा वारंवार ५० च्या वर जात असेल, तर मात्र दोष लाइनचा किंवा कंपनीच्या पुढच्या जाळ्याचा आहे, आणि तेव्हा ते आकडे लिहून तक्रार करावी. आकड्यांसह केलेल्या तक्रारीला ‘लाइन ठीक आहे’ एवढेच उत्तर देणे त्यांना अवघड जाते.

प्रश्न : आमच्या गावात फायबर आलेले नाही, पण ५जी चांगले येते. मोबाइलच्या डेटावर असे खेळ खेळता येतील का?
– एक विद्यार्थी, निफाड तालुका

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या येतील, पण डेटा पुरणार नाही. १० एमबीपीएसचा माफक प्रवाह धरला तरी तासाला ४.५ जीबी लागतात. दिवसाला २ जीबी देणारा पॅक २७ मिनिटांत संपेल. अमर्याद ५जी मिळत असेल तर हा अडसर दूर होतो, परंतु मनोऱ्यावरील गर्दीनुसार विलंब बदलत राहतो. २०२१ मध्ये एअरटेलने मानेसर येथे ५जीच्या चाचणी जाळ्यावर क्लाउड गेमिंगचे प्रात्यक्षिक करून दाखवले होते. चाचणीच्या जाळ्यावर वापरणारेच मोजके असतात, हे ध्यानात ठेवावे. पहाटे उत्तम चालणारा खेळ सायंकाळी चालेलच असे नाही, आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटी-तपोवन परिसरातून तो चालेल अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये.

प्रश्न : गूगलसारख्या कंपनीला स्टेडिया ही आपली क्लाउड गेमिंगची सेवा बंद करावी लागली. पैसा, अभियंते, डेटा सेंटरे सारे असूनही जर तिला जमले नाही, तर ही कल्पनाच मुळात चालणारी नाही, असा निष्कर्ष काढणे चूक आहे का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, देवळाली कॅम्प

उत्तर : निष्कर्ष अर्धा बरोबर आहे, आणि कोणता अर्धा ते इतिहास पाहिल्यावर कळते.

मार्च २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये स्टीव्ह पर्लमन यांच्या ऑनलाइव्ह या कंपनीने ही पद्धत जाहीर केली, तेव्हा जाणकारांनी दोन आक्षेप घेतले. एक, इतक्या थोड्या वेळात चांगल्या दर्जाचे संपीडन होऊ शकत नाही. दुसरा, प्रत्येक खेळणाऱ्यासाठी एक महागडे यंत्र राखून ठेवण्याचा खर्च वर्गणीतून निघणार नाही. सेवा जून २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिचे चित्र मऊसर होते, विलंब जाणवत होता, पण ती चालत होती. ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनी आर्थिकदृष्ट्या कोसळली, मालमत्ता दुसऱ्या हाती गेली आणि ३० एप्रिल २०१५ रोजी सेवा कायमची बंद झाली. तिची पेटंटे सोनीने घेतली. याच सोनीने २०१२ मध्ये गायकाय ही दुसरी कंपनी ३८ कोटी डॉलरला विकत घेतली होती आणि तिच्या तंत्रावर प्लेस्टेशन नाऊ ही आपली क्लाउड गेमिंगची सेवा उभारली होती.

पहिला आक्षेप काळाने निकाली काढला. २०१२ पासून एनव्हिडिया या कंपनीच्या, खेळाचे चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स चिपमध्येच व्हिडिओ संपीडनाचा स्वतंत्र विभाग येऊ लागला, त्यामुळे रंगवलेले चित्र चिपच्या बाहेर न जाता काही मिलिसेकंदांत संपीडित होऊ लागले. घरोघरी फायबर पोहोचले, फोन आणि टीव्ही यांत उलगडण्याचे काम करणाऱ्या चिप आल्या. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झालेली स्टेडिया तांत्रिकदृष्ट्या चांगली होती, असे तिच्यावर टीका करणाऱ्यांपैकीही अनेकांनी मान्य केले. ती १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली याची कारणे व्यवसायात आहेत : खेळ पूर्ण किमतीला विकत घ्यावे लागत, तेही जे फक्त तिथेच चालतील, गाजलेले खेळ कमी होते, आणि गूगलने स्वतःचे खेळनिर्मितीचे विभाग फेब्रुवारी २०२१ मध्येच बंद केल्यामुळे इतर निर्मात्यांचा विश्वास डळमळला.

दुसरा आक्षेप मात्र आजही तितकाच जिवंत आहे आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. चित्रपट एकदा संपीडित करून ठेवला की तीच फाइल लाखो लोकांना पाठवता येते. पाहणारे वाढले तरी दर माणशी खर्च घटत जातो. खेळाचे तसे नाही. खेळणाऱ्या प्रत्येकासाठी ग्राफिक्स चिपचा एक हिस्सा, वीज आणि संपीडन सतत लागते, कारण प्रत्येकाचे चित्र निराळे असते. त्यातही सगळे लोक रात्री आठ ते बारा याच वेळेत खेळतात. त्या चार तासांसाठी पुरेशी यंत्रे उभारावीत तर ती उरलेला दिवस रिकामी राहतात, आणि कमी उभारावीत तर ग्राहकांना रांगेत थांबावे लागते. मुंबईत रात्र असताना अमेरिकेतील यंत्रे रिकामी असतात, पण ती इथे कामाला येत नाहीत, कारण अंतर आडवे येते. पहिल्या पत्रात ज्या प्रकाशाच्या वेगाची चर्चा झाली तो आपल्या अंगठ्यापेक्षा कंपनीच्या हिशेबाला अधिक छळतो.

म्हणूनच टिकलेल्या सेवा कशा टिकल्या ते पाहण्यासारखे आहे. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊमध्ये खेळ विकले जात नाहीत. आपण स्टीमसारख्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून आधीच घेतलेले खेळ तिथल्या यंत्रावर चालवायचे असतात. फुकट खेळणाऱ्यांना रांगेत उभे राहावे लागते आणि एका बैठकीला वेळेची मर्यादा असते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२० पासून ही सोय गेम पास या आपल्या खेळांच्या वर्गणीत जोड म्हणून दिली. तिच्यावरच सारा डोलारा उभा केला नाही. यांचे भवितव्य सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही. तंत्र चालते हे सिद्ध झाले आहे. निव्वळ त्या तंत्राच्या वर्गणीवर एखादी कंपनी पोट भरू शकते, हे सिद्ध होणे अजून बाकी आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला खेळांसाठी महागडा लॅपटॉप हवा आहे. त्याऐवजी साधा लॅपटॉप आणि क्लाउडची वर्गणी द्यावी, असे माझे भाऊ सुचवतात. पैसे वाचतील का?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : आपल्या भावांचा सल्ला विचार करण्यासारखा आहे, पण काही गोष्टी आधी पाहाव्यात. सेवा भारतात अधिकृतपणे चालू आहे आणि तिचे सर्व्हर देशात आहेत, याची खात्री करावी; परदेशातील सेवा आडवाटेने चालू करून देणाऱ्यांच्या नादी लागू नये, कारण तिथे एकट्या जाण्यायेण्यालाच सिंगापूरचा सर्व्हर असेल तर ६० आणि युरोपातील असेल तर १०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक लागणार. पहिल्या महिन्याचीच वर्गणी भरावी, वर्षाची नव्हे, आणि तो महिना मुलाने त्याच्या नेहमीच्या वेळेत, घरच्याच जोडणीवर खेळून पाहावे. फायबरच्या अनेक अमर्याद म्हणवल्या जाणाऱ्या योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. २५ एमबीपीएसच्या प्रवाहाला तासाला सव्वाअकरा जीबी लागतात, म्हणजे सुमारे २९० तास निघतात. अकरावीच्या मुलाला ते पुरेत, आणि नाही पुरले तर तो प्रश्न इंटरनेटचा राहत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मालकीची. स्टेडिया बंद झाली तेव्हा गूगलने तिथे विकत घेतलेल्या खेळांचे आणि आपल्या दुकानातून विकलेल्या उपकरणांचे पैसे परत केले. ती कंपनी ते करू शकत होती. प्रत्येक सेवा करीलच असे नाही. म्हणून जो खेळ फक्त त्या एका सेवेवरच चालणार आहे तो पूर्ण किंमत देऊन विकत घेऊ नये. खेळ घ्यायचाच तर अशा दुकानातून घ्यावा की क्लाउडची सेवा उद्या थांबली तरी तो घरच्या यंत्रावर उतरवता येईल. वर्गणी ही भाडे आहे असे मुलाला समजावून सांगावे. अकरावीचा मुलगा हे नीट समजू शकतो. निर्माते आपले खेळ एखाद्या सेवेवरून काढूनही घेतात. फेब्रुवारी २०२० मध्ये जीफोर्स नाऊ सर्वांसाठी खुली झाल्यावर काही दिवसांतच ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या निर्मात्या कंपनीचे खेळ तिथून गेले.

त्याला पुढे व्हिडिओ संकलन, त्रिमितीय रेखाटन किंवा प्रोग्रॅमिंगमधील जड कामे शिकायची असतील, तर ताकदवान लॅपटॉप त्या कामांनाही उपयोगी पडेल, आणि तेव्हा हिशेब त्याच्या बाजूने झुकतो. केवळ खेळासाठी असेल तर मी साधा लॅपटॉप घेईन.

प्रश्न : खेळासाठी टीव्हीवरच ॲप घेतले. चित्र सुंदर आहे, पण बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलते. इंटरनेट केबलने जोडलेले आहे.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून चालू करावा. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी स्वतःच प्रक्रिया करीत बसतो, आणि काही टीव्ही त्यात १०० मिलिसेकंदही घालवतात. मुंबईच्या जाण्यायेण्यापेक्षा हा वेळ कितीतरी अधिक आहे.

प्रश्न : कॉलेज रोड परिसरात माझे गेमिंग कॅफे आहे. बारा यंत्रांची ग्राफिक्स कार्डे जुनी झाली आहेत. ती बदलण्याऐवजी स्वस्त यंत्रे ठेवून सगळे क्लाउडवर चालवावे का? विजेचे आणि एसीचे बिलही कमी होईल.
– एक व्यावसायिक, नाशिक

उत्तर : विजेविषयीचे आपले म्हणणे खरे आहे, आणि आपल्याला आणखीही एक फायदा होईल : शंभर-शंभर जीबीचे खेळ बारा यंत्रांवर उतरवत आणि अद्ययावत करीत बसावे लागणार नाही. तरीही सगळी यंत्रे बदलण्याचा सल्ला मी देणार नाही.

सर्वांत आधी परवान्याचे पाहावे. अशा सेवांची वर्गणी सामान्यतः वैयक्तिक वापरासाठी असते आणि ती व्यवसायात, पैसे घेऊन इतरांना वापरायला देणे अटींत बसत नाही. कंपनीकडून व्यावसायिक वापराची लेखी परवानगी मिळत नसेल तर पुढचा विचारच करू नये. एका दिवसात बारा खाती बंद झाली तर आपल्या हाती काहीच उरणार नाही. परवानगी मिळाली असे धरले, तर बारा यंत्रांना प्रत्येकी २५ एमबीपीएसप्रमाणे ३०० एमबीपीएस सतत, न डगमगता लागतील. घरगुती योजनेतील ३०० चा आकडा गर्दीच्या वेळी टिकेल याची हमी नसते. आपल्याला लीज्ड लाइन, म्हणजे ठरलेला वेग फक्त आपल्यासाठी राखून ठेवणारी जोडणी, घ्यावी लागेल आणि तिचा दर घरगुती योजनेपेक्षा कितीतरी अधिक असतो. वाचलेल्या विजेच्या रकमेशी तो दर पडताळून पाहावा.

आणि मग खोदकाम. सिंहस्थाच्या कामांसाठी आणि एरवीही शहरातील रस्ते खोदले जातात, तेव्हा फायबर तुटणे ही नवलाची गोष्ट नाही. आज आपली एक लाइन तुटली तर उतरवून ठेवलेले खेळ तरी चालतात आणि मुले बसून राहतात. उद्या बारा पडदे एकदम काळे होतील. दुसऱ्या कंपनीची, शक्य तर वेगळ्या रस्त्याने येणारी लाइन ठेवावी लागेल, आणि लाइट गेल्यावर राउटर व स्विच चालू राहतील इतका यूपीएसही.

आपल्याकडे येणारे ग्राहक बहुतांशी नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळांसाठी येत असतील, तर त्यांना दोन चित्रांचा जादा विलंब पहिल्या दहा मिनिटांत कळेल आणि ते दुसऱ्या कॅफेत जातील. म्हणून आठ यंत्रांत नवी ग्राफिक्स कार्डे टप्प्याटप्प्याने घालावीत. चार जागा, परवानगी मिळाल्यास, क्लाउडवर ठेवून तिथे गोष्टीचे आणि शर्यतीचे मोठे खेळ द्यावेत. त्या चार जागांवर किती तास भरतात आणि किती ग्राहक उठून दुसऱ्या यंत्रावर बसायला मागतात, याची नोंद गल्ल्याजवळच्या वहीत सहा महिने ठेवावी, आणि उरलेल्या आठांचा निर्णय त्या नोंदीवरून घ्यावा.